काँक्रीट आणि आग : एका अर्धसत्याची तपासणी

‘लाकूड जळते, काँक्रीट जळत नाही, म्हणून काँक्रीटची इमारत आगीपासून सुरक्षित असते.’ या ना त्या शब्दांत हे विधान विज्ञानाच्या वर्गात, विद्यार्थ्यांच्या निबंधांत आणि घरांच्या जाहिरातींत भेटत असते. त्याचा पहिला भाग बरोबर आहे. आमची तक्रार आहे ती ‘म्हणून’ या शब्दाबद्दल. त्या एका शब्दाने जळणे आणि टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी एक करून टाकल्या आहेत, आणि ही गल्लत केवळ वर्गापुरती राहत नाही. आग लागून गेलेल्या इमारतीच्या भिंतींना नुसता रंग देऊन तिथे माणसे पुन्हा राहायला जातात, तेव्हा त्यामागे हेच वाक्य असते.

काँक्रीट जळत नाही, कारण त्यात जळण्याजोगे काही शिल्लकच नसते. कॅल्शियम, सिलिकॉन, ॲल्युमिनियम, लोह यांचा ऑक्सिजनशी संयोग आधीच होऊन गेलेला असतो. एखादा हुशार विद्यार्थी आणखी पुढे जाऊन म्हणेल, ‘सर, सिमेंट तर भट्टीत १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवूनच बनवतात. मग त्याला ८०० अंशांची आग काय करणार?’ प्रश्न फार चांगला आहे, आणि त्याच्या उत्तरातच सगळा विषय आहे. भट्टीतून येते ते सिमेंट. इमारतीत असते ते सिमेंट आणि पाणी यांच्या संयोगातून तयार झालेले निराळेच द्रव्य. सिमेंट ‘सुकून’ घट्ट होत नाही, ते पाण्याशी अभिक्रिया होऊन घट्ट होते, हे आपण शिकवतो. मग त्याचा उत्तरार्धही शिकवायला हवा : पाण्याने जे बांधले ते उष्णता सोडवू शकते. आगीत काँक्रीट जळत नसले तरी त्याची घडण उलट्या दिशेने उसवत जाते.

हे उसवणे कसे होते ते थोडे तपशिलाने पाहू. १०० अंशांच्या आसपास सूक्ष्म छिद्रांतले मोकळे पाणी वाफ होऊन जाऊ लागते. त्यापुढे कॅल्शियम सिलिकेट हायड्रेटमधले, म्हणजे काँक्रीटला ज्याच्यामुळे ताकद मिळते त्या द्रव्यामधले बांधलेले पाणी हळूहळू सुटू लागते आणि ते सुटणे शेकडो अंशांपर्यंत चालू राहते. ४०० ते ५५० अंशांच्या टप्प्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपला विरलेला चुना, पाणी सोडून पुन्हा कळीचा चुना बनतो. आणखी वर, साधारण ६०० अंशांनंतर, कार्बोनेटे फुटून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. या सगळ्या काळात दगडाची खडी तापून प्रसरण पावत असते, तर तिला धरून ठेवणारा सिमेंटचा थर, पाणी गेल्यामुळे, सुरुवातीच्या थोड्या प्रसरणानंतर आकसत असतो. एक फुगतो आहे, दुसरा आवळतो आहे. दोघांच्या मधोमध भेगा पडणारच.

युरोपीय संहितेत यासाठी दिलेले आकडे असे आहेत : वाळूच्या जातीच्या, म्हणजे सिलिकायुक्त, खडीचे काँक्रीट ३०० अंशांना मूळ दाबसामर्थ्याच्या ८५ टक्के, ५०० अंशांना ६० टक्के, ६०० अंशांना ४५ टक्के आणि ८०० अंशांना जेमतेम १५ टक्के भार पेलण्याच्या स्थितीत धरावे. ही घट कायमची असते. थंड झाल्यावर काँक्रीट पूर्ववत होत नाही. उलट थंड होताना ते आणखी थोडे दुबळे होते. कळीचा चुना हवेतली ओल शोषून पुन्हा विरू लागतो, फुगतो आणि आग विझल्यानंतर कित्येक दिवसांनी नव्या भेगा पाडतो. चुन्याची निवळी करणाऱ्या शिक्षकांना कळीचा चुना विरताना कसा फुलतो हे सांगायला नकोच.

मग काँक्रीटच्या इमारती आगीत बऱ्यापैकी टिकतात हा अनुभव खोटा का? मुळीच नाही. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला लागलेल्या आगीत वरचे मजले भस्मसात झाले, पण सांगाडा उभा राहिला आणि पुढे दुरुस्ती होऊन इमारत पुन्हा वापरात आली. फेब्रुवारी २००५ मध्ये माद्रिदच्या विंडसर मनोऱ्याला आग लागली तेव्हा वरच्या मजल्यांच्या कडेचे पोलादी खांब कोसळले, काँक्रीटचा मधला गाभा मात्र तग धरून राहिला. पण मंत्रालयाच्या त्याच आगीत पाच माणसे मृत्यू पावली, हेही त्याच दमात सांगायला हवे. जळते ते सामान, फायली, लाकडी कपाटे, छताखालचे शोभेचे पॅनेल. मारतो तो बहुधा धूर. सांगाडा काँक्रीटचा आहे की कशाचा, याचा त्याच्याशी फारसा संबंध नसतो.

काँक्रीट टिकते याचे कारण त्याचे अंगभूत सामर्थ्य नव्हे. कारण आहे त्याचा मंदपणा. उष्णता काँक्रीटमधून अतिशय सावकाश पसरते. हे गणिताने सहज दाखवता येते. काँक्रीटसाठी उष्णतेच्या प्रसाराचा गुणांक सेकंदाला सुमारे ०.७ चौरस मिलिमीटर धरा. त्याला सेकंदांनी गुणून वर्गमूळ काढले की उष्णता तेवढ्या वेळात साधारण किती खोल पोचेल याचा अंदाज मिळतो. एका तासाचे सेकंद ३६००; गुणाकार २५२०; वर्गमूळ सुमारे ५० मिलिमीटर. म्हणजे तासाभरात पाच सेंटिमीटर. चार तासांत मात्र वीस नव्हे, दहाच सेंटिमीटर. वेळ चौपट, खोली दुप्पट. दहावीच्या विद्यार्थ्याला जमेल असे हे गणित आहे आणि ते कोणत्याही वर्णनापेक्षा अधिक सांगते.

त्यात पाण्याची मदत वेगळी. एक घनमीटर काँक्रीटमध्ये वाफ होऊ शकेल असे १०० किलो पाणी धरू. त्याची वाफ करायला सुमारे २ लाख २६ हजार किलोज्यूल लागतील. तेवढ्या उष्णतेत ते सबंध २४०० किलो काँक्रीट आणखी जवळजवळ १०० अंशांनी तापले असते. म्हणजे आत दडलेले पाणी काही काळ आगीला थोपवून धरते.

पण हेच पाणी उलटते केव्हा, हा या विषयातला सर्वांत रोचक आणि शाळेत सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. बंद जागेतल्या पाण्याच्या वाफेचा दाब २०० अंशांना वातावरणाच्या सुमारे पंधरा पट आणि २५० अंशांना सुमारे चाळीस पट असतो. घरातला प्रेशर कुकर दुपटीच्या आसपासच शिट्टी देतो. काँक्रीटची ताण सोसण्याची शक्ती वातावरणाच्या तीस ते पन्नास पट. आकडे शेजारी शेजारी ठेवले की धोका दिसतो. साधे काँक्रीट सच्छिद्र असते, त्यामुळे वाफेला वाट मिळते; हा कुकर गळका आहे म्हणून वाचतो. उच्च सामर्थ्याचे काँक्रीट घट्ट, दाट आणि जवळजवळ अभेद्य असते. पाणी आणि क्षार आत शिरू नयेत म्हणून ते तसे बनवलेले असते. त्याची शिट्टीच बसलेली असते. तापलेल्या पृष्ठभागापासून वाफ आतल्या थंड भागाकडे ढकलली जाते, तिथे पुन्हा पाणी होऊन छिद्रे बुजवते, आणि त्या बुजलेल्या थरामागे दाब साठतो. शिवाय पृष्ठभाग तापून फुगू पाहतो आणि आतला थंड भाग त्याला फुगू देत नाही, हा ताण वेगळाच. या दोघांपैकी मुख्य गुन्हेगार कोण, यावर संशोधकांत अजूनही वाद आहे. परिणामाबद्दल वाद नाही : काँक्रीटचे ढलपे आवाज करत उडू लागतात. भट्टीत तापवलेल्या नमुन्याचा हा आवाज एकदा ऐकला की ‘काँक्रीटला आगीत काही होत नाही’ असे पुन्हा म्हणवत नाही.

१८ नोव्हेंबर १९९६ रोजी इंग्लंड आणि फ्रान्स यांना जोडणाऱ्या समुद्राखालच्या बोगद्यात मालमोटारी वाहून नेणाऱ्या गाडीला आग लागली. गाडीतले चौतीसही जण वाचले. बोगद्याचे अस्तर उत्तम प्रतीच्या, उच्च सामर्थ्याच्या काँक्रीटचे होते. जाडी मुळात ४० सेंटिमीटरच्या आसपास. सर्वांत वाईट पट्ट्यात ढलपे उडून ती अवघ्या काही सेंटिमीटरांवर आली. भोवतालचा खडक भक्कम होता म्हणून निभावले. काँक्रीट जितके ‘चांगले’ तितके ते आगीत चांगले, या समजुतीला इतके स्वच्छ उत्तर दुसरे नसेल.

यावरचा उपाय गमतीदार आहे. काँक्रीट कालवतानाच त्यात पॉलिप्रॉपिलीनचे बारीक तंतू मिसळायचे, घनमीटरला साधारण दोन किलो. हे प्लॅस्टिक १६५ ते १७० अंशांच्या सुमारास वितळते आणि वाफेला निसटायला वाटा मोकळ्या होतात. आगीत टिकावे म्हणून न जळणाऱ्या पदार्थात चक्क जळणारा पदार्थ घालायचा! ‘जळत नाही म्हणून सुरक्षित’ या तर्काला याहून चांगला शह आम्हाला तरी ठाऊक नाही.

आता आपल्याकडच्या एका सवयीबद्दल. आगीनंतर काँक्रीट किती तापले होते हे रंगावरून ओळखण्याचा एक तक्ता फार प्रचलित आहे : ३०० अंशांपर्यंत रंग तोच, ३०० ते ६०० गुलाबी ते तांबूस, ६०० ते ९०० पांढरट करडा, त्यापुढे फिकट पिवळसर. तक्ता चुकीचा नाही, पण त्याचा जन्म दुसऱ्या दगडावर झाला आहे. गुलाबी छटा येते ती खडीतल्या आणि वाळूतल्या लोहसंयुगांमुळे, आणि ती सर्वांत ठळक दिसते गारगोटीच्या जातीच्या सिलिकायुक्त खडीत, जशी इंग्लंडमध्ये सर्रास वापरतात. महाराष्ट्राच्या बहुतेक भागातली खडी बेसॉल्टची, म्हणजे आपल्या काळ्या दगडाची. अग्निजन्य खडकांत हा रंगबदल बराच मंद असतो. त्यामुळे ‘गुलाबी दिसत नाही, अर्थात ३०० अंशांच्या वर गेले नाही’ असा निष्कर्ष आपल्याकडे काढणे धोक्याचे आहे. परदेशी तक्ता जसाच्या तसा उतरवून घेताना तो कोणत्या दगडासाठी आहे हे विचारायचे राहून जाते.

न्याय म्हणून दुसरी बाजूही सांगतो. क्वार्ट्‌झ ५७३ अंशांना स्फटिकरचना बदलतो आणि एकदम फुगतो. क्वार्ट्‌झयुक्त खडीला हा झटका बसतो. बेसॉल्टमध्ये हा प्रकार नाही आणि त्याचे प्रसरणही क्वार्ट्‌झच्या मानाने कमी. तेव्हा आगीच्या बाबतीत आपला काळा दगड तुलनेने बरा सोबती आहे. (त्याच्या पोकळ्यांत सापडणारे झिओलाइटचे स्फटिक मात्र तापवले की पाणी सोडतात, झिओलाइट या नावाचा अर्थच ‘उकळणारा दगड’. खाणीतून घट्ट दगडच निवडावा याला हेही एक कारण.)

शिक्षणात आणि जाहिरातीत ‘म्हणून’च्या जोडीला आणखी एक शब्दप्रयोग येतो : ‘दोन तास आगीला तोंड देणारा स्लॅब’, ‘चार तासांचा खांब’. हे तास कुठले? प्रमाणित भट्टीतले. त्या भट्टीचे तापमान एका ठरावीक सूत्राने वाढवतात : मिनिटांची आठपट करून त्यात एक मिळवा, त्याचा दहाच्या पायाचा लॉगॅरिदम घ्या, ३४५ ने गुणा आणि सुरुवातीचे तापमान, समजा २० अंश, मिळवा. अर्ध्या तासाला ८४२ अंश येतात, तासाला ९४५, दोन तासांना १०४९. या वक्राचे मूळ पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या अमेरिकेत आहे; तेव्हाच्या इमारतींतले लाकूडसामान, कागद, कापड डोळ्यांपुढे ठेवून तो आखला गेला. तुलनेसाठी तो उत्तम आहे. दोन नमुने एकाच कसोटीवर घासायचे तर कसोटी एकच हवी, यात वाद नाही.

आमचा आक्षेप आहे तो कसोटीच्या आकड्याला भविष्यवाणी समजण्यावर. पेट्रोलियमची आग काही मिनिटांतच ११०० अंशांजवळ जाते. बोगद्यांसाठी नेदरलँड्समध्ये वापरला जाणारा वक्र तर तासाभरात १३५० अंश गाठतो. म्हणजे कसोटीतल्या ‘दोन तासां’चे तिथे किती होतील हे त्या आकड्यावरून कळत नाही. दुसरे म्हणजे, भट्टीत एक सुटा खांब किंवा एक सुटी तुळई असते. इमारतीत प्रत्येक अवयव दुसऱ्याला बांधलेला असतो. तापलेला स्लॅब लांबतो आणि दूरच्या, आगीचा स्पर्शही न झालेल्या खांबाला ढकलतो. कधी हे जोडलेपण इमारतीला वाचवते, कधी बुडवते. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : हा वक्र कधी खाली येत नाही. खरी आग विझते.

विझली म्हणजे संपले असे आपल्याला वाटते. पण वरचे वर्गमूळाचे गणित पुन्हा आठवा. पृष्ठभाग निवत असताना आत शिरलेली उष्णता आणखी आत सरकतच असते. खोलवरच्या भागाचे सर्वाधिक तापमान आग विझल्यानंतर येते. त्यातच थंड होतानाची ती जादा घट. २७ नोव्हेंबर २००४ रोजी स्वित्झर्लंडमधल्या ग्रेट्झेनबाख येथे एका जमिनीखालच्या वाहनतळाला आग लागली आणि काँक्रीटचा स्लॅब कोसळून अग्निशमन दलाचे सात जवान मृत्यू पावले. खांबाच्या डोक्यावर स्लॅब भोसकला गेला होता. वरच्या मातीचा भार आणि स्लॅबची मुळातली क्षमता यांचाही त्यात वाटा होता, सगळा दोष आगीवर टाकता येत नाही. पण ‘काँक्रीट आहे, घाबरायचे कारण नाही’ हे वाक्य आगीत शिरणाऱ्या माणसाला सांगणे किती जबाबदारीचे आहे, ते यावरून कळावे.

आपल्या आय.एस. ४५६ या संहितेच्या २००० सालच्या आवृत्तीतही तासांचे तक्ते आहेत आणि त्यांतले आकडे तेव्हाच्या ब्रिटिश संहितेशी मिळतेजुळते आहेत. चारही बाजूंनी आगीत सापडणारा खांब एका तासासाठी किमान २०० मिलिमीटर, चार तासांसाठी ४५०. वेळ चौपट, जाडी दुपटीहून थोडी जास्त. आपले वर्गमूळ इथे जवळजवळ तंतोतंत भेटते! साध्या टेकूंवरच्या स्लॅबमध्ये सळईवरचे काँक्रीट, ज्याला बांधकामावर कव्हर म्हणतात, एका तासाला २० मिलिमीटर आणि चार तासांना ५५. हे कव्हर म्हणजे सळईचे पांघरूण. सळईचे पोलाद ४०० अंशांपर्यंत फारसे ढळत नाही, ५०० अंशांना त्याची ताकद सुमारे पाऊणपट आणि ६०० अंशांना निम्म्याहून कमी होते. पण हे सगळे गणित कव्हर जागेवर आहे असे धरून केलेले असते. ढलपा उडाला की पांघरूणच गेले. आणि स्लॅब ओतताना ठोकळे न ठेवल्यामुळे सळई तळाशी टेकली असेल, तर पांघरूण मुळात नव्हतेच. जुन्या इमारतींच्या छतांतून डोकावणाऱ्या गंजक्या सळया आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. तिथे तासांचा तक्ता लावणे व्यर्थ आहे.

सळईबद्दल आणखी एक. साधे गरम लाटलेले पोलाद आगीतून थंड झाल्यावर बरीचशी ताकद परत मिळवते. हल्ली सर्वत्र वापरली जाणारी टीएमटी सळई मात्र बाहेरून एकदम थंड करून कठीण केलेली असते. ती ५००-६०० अंशांच्या वर फार तापली तर त्या कठीण कड्याचा गुण कायमचा उतरतो. बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून आग लागलेल्या इमारतीत नुसते डोळ्यांनी पाहून भागत नाही; हातोडीने ठोकून कुठे बद्द आवाज येतो ते शोधणे, काँक्रीटचे गाभे आणि सळईचे तुकडे काढून तपासणे, हे करावेच लागते. काजळी धुऊन, प्लॅस्टर करून, रंग देऊन मोकळे होणे म्हणजे पुरावा पुसणे आहे. अनेक शाळा काँक्रीटच्या इमारतींत भरतात आणि त्यांत पोषण आहाराचे स्वयंपाकघरही असते, म्हणून हे शिक्षकांना मुद्दाम सांगावेसे वाटते.

वर्गात हे दाखवायचे कसे? आधी एक निक्षून सांगतो : काँक्रीटचा तुकडा बर्नरवर, शेगडीवर किंवा शेकोटीत तापवू नका. ओला किंवा दाट तुकडा फुटून ढलपे डोळ्यांत जाऊ शकतात. त्याऐवजी मक्याच्या लाह्या करा. लाहीच्या दाण्यात ओल असते आणि टरफल वाफेला अडवते. सुमारे १८० अंशांना, म्हणजे दाब वातावरणाच्या दहापट झाल्यावर, टरफल हरते. वीस दाणे जसेच्या तसे घ्या, वीस दाण्यांना टाचणीने किंवा दाभणाने भोक पाडा, आणि वीस दाणे आधी मंद आचेवर बराच वेळ वाळवून घ्या. तिन्ही ढीग झाकण घालून सारख्याच आचेवर वेगवेगळे भाजा आणि किती फुटले ते मोजा. भोक पाडलेल्यांत पॉलिप्रॉपिलीनचे तंतू दिसतील, वाळवलेल्यांत जुने, कोरडे काँक्रीट दिसेल. लाहीतला पिठूळ भाग फुलतो तसे काँक्रीटमध्ये काही फुलत नाही, हा फरक मुलांनाच शोधू द्या. आणि चौथा ढीग करायचाच असेल, तर वीस दाणे रात्रभर पाण्यात भिजवून, पुसून भाजा. ते जास्त फुटतील की कमी, हे तव्याशी जाण्याआधी प्रत्येकाकडून कारणासह वहीत लिहून घ्या.